आईचं लक्ष कुठे खर्च होतं? : गरिबी, मूलभूत गरजा आणि आईपण

आजच्या व्याख्यानाचा विषय जाहीर झाल्यावर काही जणांनी आम्हाला विचारलं, की पालकत्वावर बोलणार म्हणजे मुलांशी कसं बोलावं, मोबाइल किती वेळ द्यावा, अभ्यास कसा घ्यावा हे सांगणार का? आज ते नाही. त्या विषयावरची व्याख्यानं ठाण्यात, डोंबिवलीत भरपूर होतात आणि चांगली होतात. त्यांना येणाऱ्या आया बहुतेक अशा घरांतल्या असतात, जिथे नळ उघडला की पाणी येतं. आज आपल्याला बोलायचं आहे ते इथे येऊ न शकणाऱ्या आयांबद्दल.

सुरुवात एका वाक्यापासून करू. ‘घरी लक्ष नाही.’ हे वाक्य शाळेत ऐकू येतं, दवाखान्यात ऐकू येतं, अगदी सोसायटीच्या गेटवरसुद्धा. मुलाचा गृहपाठ झाला नाही, लसीची तारीख चुकली, वजन वाढत नाही, मूल दिवसभर गल्लीत फिरतं. निदान ठरलेलं असतं, की आईचं लक्ष नाही. आम्हाला वाटतं, हे वाक्य गांभीर्यानं घ्यावं. लक्ष नाही हे कधीकधी खरंच असतं. पण लक्ष ही काही न संपणारी गोष्ट नाही. ते पैशासारखं, झोपेसारखं खर्च होतं. मग ते गेलं कुठे, एवढा हिशेब मांडून बघू.

एक दिवस डोळ्यांसमोर आणा. ही कुणा एका बाईची हकीकत नाही. पाथर्ली, कचोरे, कळव्याचा डोंगर, मुंब्रा अशा वस्त्यांमधून आयांशी बोलताना जे पुन्हा पुन्हा कानावर येतं, ते एकत्र करून सांगतो आहोत.

पाणी पहाटे साडेतीनला सुटतं. ती तीनला उठते, कारण दाब पहिली वीस मिनिटंच बरा असतो. नंतर पुढच्या घरांच्या मोटरी लागतात. पिंप, दोन हंडे, कळशी भरेपर्यंत साडेचार. मग सार्वजनिक संडासाला रांग लागायच्या आत जाऊन यायचं. रात्री जावं लागू नये म्हणून संध्याकाळनंतर ती पाणीच कमी पिते. सहापर्यंत स्वयंपाक, सातला धुण्याभांड्याचं पहिलं घर. मुलगी नऊ वर्षांची, मुलगा दोन वर्षांचा. मुलीची शाळा दुपारची, म्हणून सकाळी धाकटा तिच्याकडे. मुलगी शाळेत गेली की शेजारणीकडे. शेजारीणही कामाला गेली असेल तर दाराला बाहेरून कडी. कडी लावताना आपण काय करतोय हे तिला पक्कं ठाऊक असतं. कामावर निम्मं मन त्या दाराशीच असतं. चार घरं झाली की संध्याकाळी पोळीभाजी केंद्रात पोळ्या लाटायच्या. घरी यायला रात्रीचे आठ. धाकटा पायाला चिकटतो, मुलगी वही घेऊन येते, भाडं मागायला घरमालकाचा माणूस दारात उभा असतो आणि सिलिंडर नेमका आज संपलेला असतो. मुलगी तिसऱ्यांदा म्हणते, ‘आई, हे बघ ना.’ तिच्या पाठीत एक धपाटा बसतो.

या सगळ्या दिवसातल्या फक्त त्या धपाट्याला आपण ‘पालकत्व’ म्हणतो. त्याआधीच्या सतरा तासांना ‘परिस्थिती’ म्हणतो, आणि दोन्ही वेगवेगळ्या खात्यांत टाकतो. पालकत्वासाठी समुपदेशन, परिस्थितीसाठी महापालिका. आमचं आजचं म्हणणं एवढंच आहे की हे खातं एकच आहे. धपाटा योग्य होता असं आम्ही म्हणत नाही. मार तो मारच, मुलाला तो तेवढाच लागतो, आणि मुलं श्रीमंत घरांतही मार खातात. पण तो थांबवायचा असेल तर हात कुठून उचलला गेला हे बघावं लागेल.

आता थोडं संशोधनाकडे वळू. तमिळनाडूतल्या ४६४ ऊस उत्पादक शेतकऱ्यांवर झालेला एक अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. उसाचा पैसा तोडणीनंतर एकदम येतो. त्याआधीचे महिने ओढाताणीचे. हे आपल्याकडच्या ऊसवाल्यांना वेगळं सांगायला नको. संशोधकांनी त्याच माणसांना तोडणीआधी आणि तोडणीनंतर, अशा दोन वेळा बुद्धीच्या आणि एकाग्रतेच्या चाचण्या दिल्या. तोडणीआधी, म्हणजे हात रिकामे असताना, तीच माणसं कमी पडली. त्यांची अक्कल बदललेली नव्हती. डोक्यातली जागा उधारी, व्याज, किराणा यांनी व्यापलेली होती. हा परिणाम नेमका किती मोठा, यावर अभ्यासकांत पुढे वाद झाले आणि ते होणं चांगलंच आहे. पण महिन्याच्या पंचवीस तारखेनंतर आपलं डोकं कसं चालतं, हे पगारदार माणसालाही माहीत असतं. आपली तोडणी दर एक तारखेला होते, एवढाच फरक.

दुसरा अभ्यास अमेरिकेतल्या आयोवा राज्यातला, १९८० च्या दशकातला. तिथे शेती संकटात आली, कर्जापायी जमिनी गेल्या. त्या कुटुंबांचा माग काढताना रँड काँगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना एक साखळी दिसली. पैशाची चणचण थेट मुलांपर्यंत पोहोचत नाही. ती आधी आईबापांच्या मनावर येते, उदासी आणि चिडचिड होऊन. मग नवराबायकोत भांडण होऊन. मग मुलांशी वागण्यात, कडकपणा किंवा दुर्लक्ष होऊन. आणि शेवटी मुलांच्या वागण्यात आणि अभ्यासात. यात आई आणि बाप दोघंही होते, हे लक्षात ठेवा. आपण त्यावर परत येऊ.

आपल्या शेजारचं उदाहरण गोव्याचं आहे. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी म्हापशाच्या रुग्णालयात आलेल्या २७० गरोदर बायकांचा बाळंतपणानंतर पाठपुरावा केला. बाळ सहा ते आठ आठवड्यांचं असताना त्यांतल्या २३ टक्के बायकांना नैराश्य होतं. त्यामागे काय काय होतं? घरातली आर्थिक तंगी, नवऱ्याशी बिघडलेले संबंध, मारहाण, आणि मुलगी झाली असेल तर तेही. पुढचा निष्कर्ष आमच्या दृष्टीनं जास्त महत्त्वाचा आहे. नैराश्य असलेल्या आयांच्या बाळांमध्ये सहाव्या महिन्याला वजनात मागे पडण्याचं प्रमाण इतरांच्या दुपटीहून जास्त होतं. म्हणजे बाळाचा वजनकाटा आईच्या मनाबद्दलही काही सांगत असतो. अंगणवाडीत आपण वजन लिहून घेतो. ‘तुला झोप लागते का?’ हे आईला कितीदा विचारतो?

यात शरीरही आलंच. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. दम लागणं, थकवा, लक्ष न लागणं, चिडकेपणा ही रक्तक्षयाची लक्षणं. आपण त्याला बाईचा स्वभाव म्हणतो.

पाण्याबद्दल जरा थांबून बोलायला हवं, कारण आपल्या भागात आईचं लक्ष सगळ्यात जास्त खाणारी गोष्ट तीच आहे. विचित्र गोष्ट बघा. भातसा, तानसा, मोडकसागर ही मुंबईला पाणी देणारी धरणं जुन्या ठाणे जिल्ह्यातली. उल्हास नदी कल्याणच्या उशाला. बारवी धरण आपल्याच डोंगरात. आणि डोंबिवलीच्या आसपासची जी २७ गावं २०१५ मध्ये महापालिकेत आली, तिथे उंच इमारती उभ्या राहिल्या तरी उन्हाळ्यात बाया टँकरची वाट बघतात. मे २०२२ मध्ये संदप गावातल्या दगडाच्या खाणीत साचलेल्या पाण्यात एकाच घरातले पाच जण बुडून गेले. दोन बायका आणि तीन मुलं. घरात पाण्याची टंचाई होती, म्हणून कपडे धुवायला गेले होते. एक मूल पाण्यात गेलं आणि त्याला वाचवायला एकेक करून बाकीचे. अशी बातमी वाचली की आपल्या तोंडून पहिला प्रश्न निघतो, मुलांना कशाला नेलं बरोबर? याचं उत्तर आता कुणी देऊ शकत नाही, पण एरवी वस्तीतल्या कुठल्याही आईला विचारा. घरी कुणाजवळ ठेवायचं, असं ती विचारेल. मुलाला डोळ्यांसमोर ठेवायचं म्हणूनच ती त्याला सोबत नेते. त्यालाच आपण लक्ष म्हणतो ना?

पाणी फक्त कमी येतं एवढाच त्रास नाही. ते केव्हा येईल हे माहीत नसणं जास्त त्रासाचं. ठरल्या वेळी तासभर पाणी येणार असेल तर बाई दिवस आखू शकते. येईल तेव्हा येईल म्हटलं, की तिला किंवा मुलीला नळाशी अडकून राहावं लागतं. रोजंदारीचं तसंच, अकरा महिन्यांच्या भाडेकराराचं तसंच, अनधिकृत इमारतीवर लागणाऱ्या नोटिशीचं तसंच. २०१३ मध्ये शिळफाट्याजवळ अनधिकृत इमारत कोसळून ७४ माणसं गेली. तशाच इमारतींत आजही लोक राहतात, कारण तेवढंच भाडं परवडतं. भिंतीतली चीर रोज बघणाऱ्या आईला ‘मुलांसमोर शांत राहा’ असं सांगायचं, तर कुठल्या तोंडानं?

आता जरा अवघड भाग, कारण तो या सभागृहाबद्दल आहे. डोंबिवली पोळीभाजी केंद्रांसाठी प्रसिद्ध आहे. आपल्याला त्याचं कौतुकही आहे, आणि ते रास्त आहे. सकाळी फास्ट लोकल पकडणाऱ्या आणि रात्री उभ्यानं परत येणाऱ्या बाईला त्या केंद्रानं संध्याकाळचा एक तास परत दिला. त्या तासात ती मुलाजवळ बसते, त्याच्या दिवसाबद्दल विचारते. पण तो तास हवेतून आलेला नाही. पोळपाटाशी उभ्या असलेल्या दुसऱ्या आईच्या घरातून तो आलेला आहे. समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशील्ड यांनी याला काळजीची साखळी म्हटलं होतं. त्यांच्या डोळ्यांसमोर फिलिपाइन्समधून अमेरिकेत मुलं सांभाळायला जाणाऱ्या आया होत्या. आपल्याकडे ही साखळी रेल्वे रुळाच्या या बाजूपासून त्या बाजूपर्यंतच असते. आणि तिचं शेवटचं टोक बहुतेकदा एक नऊ-दहा वर्षांची मुलगी असते, कडेवर भाऊ घेतलेली. तिच्याकडून वेळ विकत घेणारं कुणी नाही. तिची शाळाच जाते.

पोळीभाजी घेऊ नका असं आम्ही म्हणत नाही; आम्हीही घेतो. पण घरी काम करणाऱ्या ताईचा खाडा झाला की आपण काय करतो, हे बघा. पगारी सुट्टी देतो का? बहुतेक घरांत खाड्याचे पैसे कापले जातात. मग मुलाला ताप आला की तिच्यापुढे दोन वाटा राहतात, एक तर मजुरी बुडवायची, नाही तर तापलेलं मूल घरी ठेवून यायचं. दोन्हीत वाईट आई तीच ठरते.

समोरून एक चिठ्ठी आली आहे, ती वाचतो. ‘आमच्या आयाही गरीब होत्या. पाच-पाच मुलं वाढवली. तेव्हा कुणी तक्रार केली नाही. आता सगळ्याला मानसिक म्हणतात.’ चांगली चिठ्ठी आहे. दोन-तीन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. पहिली जरा कठोर आहे. १९७१ मध्ये आपल्या देशात जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी १२९ वर्षाच्या आत जात होती. पाच वाढवली म्हणतो तेव्हा न वाढलेलं सहावं आपण मोजत नाही. आईनं ते मोजलेलं असतं, पण आपण तिला विचारलेलं नसतं. दुसरी गोष्ट, चाळीच्या गॅलरीत दारं उघडी असत. मूल चार घरांत जेवायचं. आज वस्तीतली शेजारीणही कामावर असते. आणि तिसरी, तेव्हा घरात निदान एक पगार कायम असायचा. मोहन्याच्या एनआरसी कंपनीत, वागळे इस्टेटमधल्या कारखान्यांत, डोंबिवलीच्या प्रीमिअरमध्ये नोकरी म्हणजे महिन्याचा ठरलेला दिवस, विम्याचा दवाखाना, कुठे कुठे कंपनीची खोली. एनआरसी २००९ मध्ये बंद पडली. त्या पगारांच्या जागी आज कंत्राट आहे, नाका आहे. गरिबी तेव्हाही होती, पण पुढचा महिना दिसत असे.

आणि बाप? मघाशी राहिलेला मुद्दा. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांचा दिवसाचा वेळ सरासरी २८९ मिनिटं निघाला, पुरुषांचा ८८. तोही फक्त घरकाम करणाऱ्या पुरुषांचा. न करणारे त्यात नाहीतच. नाक्यावर उभं राहून काम न मिळालेला माणूस दुपारी घरी येतो, तेव्हा त्याची लाज आम्हाला कळते. पण धाकट्याच्या दाराची कडी तोही काढू शकतो. आईपणाची चर्चा बापाला सोडून करायची, ही आपली जुनी सोय आहे.

मग उपयोग कशाचा होतो? पैशाचा होतो का? अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनात चेरोकी आदिवासींच्या भागात १९९६ मध्ये कॅसिनो सुरू झाला आणि नफ्यातला वाटा प्रत्येक कुटुंबाला मिळू लागला. मुलांचा अभ्यास तिथे आधीपासून चालू होता, म्हणून तुलना करता आली. जी कुटुंबं गरिबीतून वर आली त्यांच्या मुलांमधले वर्तनाचे त्रास कमी झाले. कारण शोधलं तर सापडलं ते हे, की आईबापांना मुलांवर नजर ठेवायला वेळ मिळू लागला. दुसरीकडे, अमेरिकेतच २०१८ पासून हजार गरीब आयांवर एक प्रयोग झाला. एका गटाला बाळाच्या जन्मापासून महिन्याला ३३३ डॉलर, दुसऱ्याला २० डॉलर. मुलं चार वर्षांची झाल्यावर भाषा, वागणूक वगैरे तपासलं तर दोन गटांत ठळक फरक दिसला नाही. हेही सांगायला हवं. आपल्या सोयीचे तेवढेच अभ्यास सांगणं बरं नाही. आम्ही यातून असं समजतो की पैसा लागतोच, पण थोडा पैसा एकटाच सगळं करेल ही अपेक्षा चुकीची आहे. त्यानं पाणी पहाटे साडेतीनऐवजी सहाला येत नाही.

आपल्याकडे २०२४ पासून लाडकी बहीण योजनेचे महिना १,५०० रुपये मिळतात. त्यावर राजकारण बरंच झालं, ते इथे नको. दीड हजारात घर चालत नाही. पण खाडा परवडतो. मुलाला दवाखान्यात न्यायला एक दिवस काढता येतो. आमच्या मते त्या पैशाचं खरं मोल तिथे आहे.

दुसरी गोष्ट, कुणीतरी घरी येण्याची. जमैकात किंग्स्टनमध्ये १९८० च्या दशकात खुरटलेल्या १२९ मुलांचा अभ्यास झाला. त्यांतल्या काहींच्या घरी दोन वर्षं, आठवड्याला तासभर, आरोग्य कार्यकर्ती जायची. घरातल्याच वस्तूंची खेळणी करून आईला मुलाशी खेळायला दाखवायची. वीस वर्षांनी या मुलांची कमाई तशा भेटी न मिळालेल्यांपेक्षा सुमारे २५ टक्के जास्त निघाली. म्हणजे आईला शिकवण्याचा उपयोग होतो. फक्त तो तास तिच्या घरी, तिच्या वेळेला चालून आला होता. पाकिस्तानात गावोगावच्या आरोग्य सेविकांनी नैराश्य असलेल्या आयांशी ठरावीक पद्धतीनं बोलायला सुरुवात केली, तर सहा महिन्यांनी नैराश्यात राहिलेल्या बायका २३ टक्के होत्या. नुसत्या भेटी मिळालेल्या गटात ५३ टक्के. त्या सेविका म्हणजे आपल्या आशाताई. पण आधी आशाताईंच्या मानधनाचं बघा, त्याही आयाच आहेत.

आणि पाळणाघर. याचा इतिहास आपल्याच जिल्ह्याचा आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात, ग्रामीण बालशिक्षणाचं काम सुरू केलं. वस्तीतली मुलं बालवाडीत येईनात, तर बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली, अंगणवाडी तिथली. पुढे १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी काम सुरू झालं. मोठी मुलं गुरं राखायला जात, तर कुरणशाळा भरवली. मुली धाकट्यांना सांभाळत, म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणल्या. आईचं लक्ष नाही अशी तक्रार न करता त्यांनी दिवसाचं वेळापत्रक बदललं.

आज शहरातली अंगणवाडी बहुतेक भाड्याच्या एका खोलीत, सकाळचे काही तास भरते, आणि तीन वर्षांखालचं मूल तिथे दिवसभर राहू शकत नाही. २०२२ पासून केंद्र सरकारची ‘पाळणा’ योजना आहे. अंगणवाडीलाच पाळणाघर जोडायचं, सहा महिने ते सहा वर्षांची मुलं, दिवसाला साडेसात तास, महिन्यातले २६ दिवस. कागदावर चांगली आहे. आता आपल्या पाथर्लीच्या बाईच्या दिवसावर ती ठेवून बघा. पाळणाघर सकाळी साडेसहाला उघडलं तर दुपारी दोनपर्यंत चालेल. तिची घरं उरकतील आणि मुलगी शाळेला वेळेवर जाईल. तेच दहाला उघडलं तर साडेपाचपर्यंत चालेल, आणि सकाळची दोन घरं आणि मुलीचा अभ्यास दोन्ही बुडेल. खर्च तोच, सेविका त्याच. वेळ कुठली ठेवायची, हे तिला विचारावं लागेल, आणि विचारायला रात्री आठनंतर जावं लागेल, कारण त्याआधी ती घरी भेटत नाही.